करिंथची थांबलेली वर्गणी

मंडळीत अर्पण कमी झालं की पहिला दोष आपण लोकांच्या मनाला देतो. पंचांच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, “लोकांना द्यायची इच्छाच राहिली नाही,” आणि पुढच्या रविवारी जुन्या करारातल्या मलाखीचा तिसरा अध्याय, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणा असं बजावणारा, वाचला जातो. एका तालुक्याच्या गावातल्या मंडळीचा मी बरीच वर्षं खजिनदार होतो. हे वाक्य मीही बोललो आहे आणि त्या उपदेशांना मानही डोलावली आहे. आज मला ते निदान चुकीचं वाटतं. माझं मत फिरवलं ते प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दोन पत्रांनी. त्या पत्रांत एका वर्गणीची हकीकत आहे: ती सुरू कशी झाली, मध्येच का अडली आणि पुन्हा कशी चालू झाली. ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असल्यामुळे आपण सलग वाचत नाही. इथे ती सलग मांडतो.

आधी पैसे कशासाठी हवे होते ते. यरुशलेमच्या मंडळीत गरिबी होती. क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे मदत काढून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती पाठवली होती, हे नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात आहे. पुढे यरुशलेमच्या पुढाऱ्यांनी पौलाच्या कामाला उजवा हात दिला तेव्हा एकच गोष्ट मागितली, गरिबांची आठवण ठेवा. पौलाने ती शब्दशः मनावर घेतली. गलतीया, मासेदोनिया आणि अखया (करिंथ याच प्रांतातलं) या प्रांतांतल्या परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, मंडळ्यांकडून यहूदी बांधवांसाठी मोठी वर्गणी उभी करायची, असं काम त्याने हाती घेतलं. ज्यांनी यरुशलेम कधी पाहिलं नाही आणि ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवायचं की नाही यावर तिथे वाद झाले होते, त्यांनी यरुशलेमच्या भुकेसाठी पैसे काढायचे होते. रकमेपेक्षा हे नातं पौलाला मोलाचं होतं. रोमकरांस पत्रात तो म्हणतो, यहूदी बांधवांच्या आध्यात्मिक ठेव्यात परराष्ट्रीय वाटेकरी झाले आहेत, तर ऐहिक गोष्टींत त्या बांधवांची सेवा करणं हे परराष्ट्रीयांचं देणं आहे.

आता करिंथ. जुनं ग्रीक करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी रोमन वसाहत वसवली. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं हे गाव. एका बाजूला लेखायनचं बंदर, दुसऱ्या बाजूला किंख्रियाचं. माल आला की पैसा आला, आणि पैशाबरोबर नाव कमावण्याची चढाओढ आली. तिथल्या उत्खननात सापडलेला एक लेख प्रसिद्ध आहे. एरास्त नावाच्या माणसाने नगराधिकाऱ्याचं पद मिळाल्याबद्दल स्वखर्चाने फरसबंदी करून दिली, असं त्यात कोरलं आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी येणारा नगराचा खजिनदार एरास्त तोच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण लेखातली रीत स्पष्ट आहे. करिंथमध्ये देणं म्हणजे बदल्यात मान घेणं. ज्याने दिलं त्याचं नाव दगडावर, ज्याने घेतलं तो आयुष्यभर त्याच्या उपकाराखाली.

ही रीत परकी वाटत असेल तर पुढच्या रविवारी उपासनेत वर मान करून पाहावं. आमच्या मंडळीत सहा पंखे होते आणि सहाही पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात देणाऱ्याचं नाव होतं, ‘यांच्या स्मरणार्थ’ किंवा ‘यांजकडून सप्रेम भेट’. बाकांच्या पाठीवर नावं, घड्याळावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. देणाऱ्यांची मनं वाईट नव्हती, काहींनी तर पोटाला चिमटा काढून दिलं होतं. पण विजेचं बिल भरणाऱ्याचं नाव कुठे रंगवणार? म्हणून पंख्याला पैसे मिळायचे आणि पंखा फिरवायला मिळायचे नाहीत.

पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून त्याने पोट भरलं. त्याच मुक्कामात त्याला अधिपती गल्लियोपुढे उभं केलं गेलं. देल्फी इथे सापडलेल्या शिलालेखामुळे गल्लियोचा कारभार इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, म्हणून या घटनांचा काळ बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. मंडळी घराघरांत जमायची. तिच्यात थोडे सुखवस्तू आणि पुष्कळ हातावर पोट असलेले होते. प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई, अशी पौलाची तक्रार पहिल्या पत्रातच आहे. पुढचं सगळं समजायला ही दरी ध्यानात ठेवावी लागते.

वर्गणीची पहिली सूचना त्याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे, अवघ्या चार ओळींत. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून आपल्याजवळ ठेवावं. मी आल्यावर वर्गण्या नकोत. तुम्हीच पसंत कराल त्या माणसांना पत्रं देऊन मी यरुशलेमला पाठवीन, आणि मी जाणं योग्य असेल तर ते माझ्याबरोबर येतील.

या चार ओळींत मंडळीच्या खजिनदाराला पुरेल एवढं शहाणपण आहे. ‘प्रत्येकाने’ म्हटलं, म्हणजे रोजंदारीवरचा मजूर आणि दासही आला. पंखा देणाऱ्यांपुरतं काम राहिलं नाही. ‘आठवड्याला’ म्हटलं, म्हणजे ज्याच्या हाती एकरकमी पैसा कधीच येत नाही त्यालाही वाट मिळाली. ‘मी आल्यावर वर्गण्या नकोत’ म्हटलं, म्हणजे भारावलेल्या सभेत, गाणं चालू असताना, डोळे मिटायला लावून हात वर करायला सांगणं त्याने आधीच बाद केलं. आकडा मात्र सांगितला नाही. पौल परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, म्हणून वाढलेला, दशमांशाचा नियम त्याला पाठ होता. तरी या पत्रात आणि दुसऱ्या पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायांत दशमांशाचा शब्दही येत नाही. मी स्वतः दशमांश काढतो, ती सवय मला आईने लावली आणि तिचा मला आनंद आहे. पण मळ्यात काम करणाऱ्या विधवेकडे आणि दोन पगार येणाऱ्या घराकडे एकाच दहाव्या हिश्शाने बोट दाखवताना माझी जीभ अडखळते. ‘मिळकतीच्या मानाने’ हे शब्द श्रीमंताला जास्त मागतात आणि गरिबाला मोकळं करतात.

करिंथकर उत्साहाने तयार झाले. ‘गेल्या वर्षापासून अखयाची तयारी आहे’ अशी त्यांची वाखाणणी पौल मासेदोनियात करत होता. आणि मग काम थांबलं.

का थांबलं ते दुसऱ्या पत्रात एका जागी लिहिलेलं नाही, वेचावं लागतं. पौलाने भेटीचा बेत बदलला, तर ‘याचं होय म्हणजे होय नाही’ अशी कुजबुज झाली. मधे एक भेट झाली ती दुःखाची झाली. मग त्याने अश्रू ढाळत एक पत्र लिहिलं. आणि बाराव्या अध्यायात मुद्द्याचा प्रश्न उघडा पडतो. मी धूर्त असल्यामुळे तुम्हांला युक्तीने धरलं म्हणता, तर ज्यांना मी पाठवलं त्यांच्यापैकी कोणाकडून मी तुमचा फायदा घेतला? तीताने घेतला काय? (तीत हा पौलाने तिथे पाठवलेला सहकारी.)

म्हणजे आरोप हा होता. स्वतः पगार घेत नाही म्हणून मिरवतो, आणि मागच्या दाराने माणसं पाठवून वर्गणीच्या नावाखाली पैसा गोळा करतो. करिंथच्या रीतीत या संशयाला आधारही होता. तिथल्या मोठ्यांनी देऊ केलेला आधार पौलाने नाकारला होता, आणि तिकडे दिलेलं नाकारणं म्हणजे मैत्री नाकारणं. त्याच वेळी मासेदोनियाच्या भावांकडून मात्र त्याने मदत घेतली होती, हे तो अकराव्या अध्यायात स्वतःच कबूल करतो. दहा ते तेरा हे अध्याय वेगळ्या वेळचे असावेत असं काही अभ्यासक मानतात. तसं असलं तरी संशयाचा धागा दोन्हीकडे सारखाच दिसतो. हाताला आलेले पैसे करिंथकरांजवळच होते. ते कोणाच्या हातात जाणार, यावरचा भरवसा उडाला होता.

इथे मला आमच्या मंडळीतलं एक वर्ष सांगावं लागेल. उपासनामंदिराच्या पत्र्यांसाठी आम्ही विशेष अर्पण घेतलं. पावसाळ्यात वेदीजवळ बादली ठेवावी लागे, म्हणून लोकांनी मनापासून दिलं. पण पुढे कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी वाद निघाला, आणि पंचांनी ठराव करून ते पैसे भिंतीला वापरले. एक रुपयाही कोणी खाल्ला नाही. ठरावाची वही आजही नीट आहे. फक्त मंडळीला सांगायचं राहून गेलं. ‘वार्षिक सभेत सांगू’ म्हणालो, आणि ती सभा लांबत गेली. त्या वर्षी पाकिटं हलकी होत गेली आणि आम्ही मलाखी वाचत राहिलो.

आमच्याकडे एक आजी दर रविवारी वाटीभर बाजरी फडक्यात बांधून आणायच्या. घरी भाकरीचं पीठ काढण्याआधी रोज एक मूठ बाजूला टाकायच्या, त्याची ती वाटी. उपासनेनंतर मी मागच्या खोलीत टेबलावर थैली उपडी करून नाणी लावत होतो. त्या दारात आल्या, फडकं सोडून बाजरी सुपात ओतली आणि म्हणाल्या, “दादा, पत्र्याचं काय झालं?” आवाजात राग नव्हता. सुपाकडे बघतच त्यांनी विचारलं होतं. मी काहीतरी सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि फडक्याची घडी घालत गेल्या. पुढच्या रविवारी त्यांची बाजरी आली, पण त्यांच्या मुलाचं पाकीट आलं नाही.

आता पौलाने काय केलं ते पाहू. पैशांचा विषय काढण्याआधी त्याने सात अध्याय खर्च केले. बेत का बदलला ते समजावलं, दुखावणाऱ्याला क्षमा करा म्हणाला, ‘आम्हांला तुमच्या अंतःकरणात जागा द्या’ अशी याचना केली. तीत करिंथहून परतला आणि त्यांचा पश्चात्ताप कळला, तेव्हा कुठे आठवा अध्याय सुरू होतो. हा क्रम मी कितीतरी वर्षं पाहिलाच नव्हता. आपण आठव्या अध्यायावर उपदेश करतो आणि पहिले सात दुसऱ्या रविवारसाठी ठेवतो.

आठव्याची सुरुवात मासेदोनियापासून होते. छळ आणि कमालीचं दारिद्र्य अशा अवस्थेत त्या मंडळ्यांनी ऐपतीपलीकडे दिलं, उलट आम्हांलाही वाटा द्या म्हणून विनवलं, आणि पैशाआधी स्वतःला प्रभूला दिलं. या तुलनेबद्दल माझ्या मनात थोडी अडचण आहे. मासेदोनियात करिंथची बढाई आणि करिंथमध्ये मासेदोनियाची, शिवाय ‘मासेदोनियाचे लोक माझ्याबरोबर आले आणि तुम्ही तयार नसलात तर आम्ही फजीत होऊ’ हेही! पौलाला ते शोभलं, कारण तो लगेच म्हणतो, मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही. पण ‘अमक्या घराने इतके दिले’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या पाळकाने पौलाचा आधार घेऊ नये. पौलाने प्रांतांची नावं घेतली, एकाही कुटुंबाचं घेतलं नाही, आणि आकडा तर कोणाचाच सांगितला नाही.

मग ख्रिस्त येतो. तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला. सगळ्या युक्तिवादाचा कणा हा आहे. या दोन अध्यायांत कृपेसाठीचा ग्रीक शब्द, खारिस, दहा वेळा येतो. कधी देवाच्या कृपेसाठी, कधी याच वर्गणीसाठी, कधी आभारासाठी. मराठी भाषांतरात ते वेगवेगळ्या शब्दांत वाटले गेल्यामुळे आपल्या कानाला धागा लागत नाही. देवाकडून आलेलं, आपल्या हातून पुढे गेलेलं आणि आभार होऊन देवाकडे परतलेलं, या सगळ्याला पौल एकच नाव देतो. करिंथच्या मान-उपकाराच्या रीतीला त्याने दिलेलं हे उत्तर आहे. नाव कोरायला दगडच उरत नाही.

त्यापुढे समानता. दुसऱ्यांना सुख आणि तुम्हांला ओझं व्हावं असा हेतू नाही. आज तुमची विपुलता त्यांची गरज भागवील, उद्या त्यांची तुमची. इथे तो निर्गमातला मान्ना, म्हणजे रानात इस्राएलांना रोज मिळणारं अन्न, आठवतो. ज्याने फार गोळा केला त्याला जास्त झाला नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. प्रभुभोजनातही उपाशी आणि मस्त अशा दोन पंगती करणाऱ्या मंडळीला हे वाचताना खाली बघावं लागलं असणार.

आणि मग ज्या जागेवर माझं सगळं प्रकरण टेकलं आहे ती आठव्या अध्यायाची शेवटची नऊ वचनं. तीत येत आहे. त्याच्याबरोबर एक बंधू आहे ज्याची सुवार्तेच्या कामातली वाहवा सर्व मंडळ्यांत आहे, आणि त्याला मंडळ्यांनी निवडलं आहे. मूळ ग्रीक क्रियापदात हात वर करून निवडण्याचा अर्थ आहे. शिवाय तिसरा एक बंधू, अनेकदा पारखलेला. कारण? या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने करायला झटतो.

माणसांच्याही दृष्टीने. ‘देव बघतोय, हिशेब त्याला माहीत आहे’ असं पौल म्हणू शकला असता. तो प्रेषित होता, मंडळीचा संस्थापक होता. तरी त्याने रक्कम एकट्याच्या हाती घेतली नाही, दुसऱ्या मंडळ्यांनी निवडलेला माणूस मधे उभा केला आणि कारण लेखी कळवलं. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन याच्यानंतर येतं, नवव्या अध्यायाच्या सातव्या वचनात. संतोषाला आधी जागा करून दिली, मग संतोष मागितला. त्याच अध्यायातलं पेरणी-कापणीचं वचन घेऊन ‘हजार द्या, दहा हजार येतील’ असं सांगणारे उपदेशक आता मोबाइलवर घरोघर पोचले आहेत. त्यांनी अकरावं वचनही वाचावं. तिथे संपन्न होण्याचं कारण दिलं आहे ते औदार्य दाखवता यावं म्हणून.

आमच्या मंडळीत पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो. एका रविवारी पंचांचे अध्यक्ष उभे राहिले, पत्र्यांचे पैसे भिंतीला गेले आणि ते न विचारता गेले, असं त्यांनी सांगून क्षमा मागितली. त्या दिवशी आणि त्यानंतर दोन महिने कोणतंही आवाहन केलं नाही. मोजणीला दोन वेगवेगळ्या घरांतली माणसं बसू लागली, त्यांत एक बाई असेल असं ठरवलं. महिन्याचा जमाखर्च हाताने लिहून दाराजवळच्या फळ्यावर लागू लागला, विजेच्या बिलासकट. ज्या कामासाठी घेतलं त्याच कामाला वापरायचं, बदल करायचा तर मंडळीची सभा घ्यायची. हे काही नवं नव्हतं. आपल्या बऱ्याच मंडळ्या सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत, त्यांचे हिशेब तपासले जातात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. सरकारी टेबलापर्यंत जाणारा कागद बाजरी आणणाऱ्या आजीपर्यंत मात्र जात नव्हता, एवढाच फरक.

अर्पण एकदम उसळलं नाही. काही घरं आजही दुरावलेली आहेत, तो दोष माझ्याही माथी आहे. पण दुसऱ्या वर्षीच्या कापणीच्या सणात भोपळ्याचा आणि अंड्यांचा लिलाव झाला तेव्हा आजींच्या मुलाने बोली लावली, आणि नंतर फळ्यासमोर उभं राहून, ओळीवर बोट ठेवत, त्याने सगळा कागद वाचला.

करिंथचं काय झालं? पत्र पोचल्यावर पौल ग्रीसमध्ये येऊन तीन महिने राहिला. निघताना त्याच्याविरुद्ध कट झाल्यामुळे तो मासेदोनियावरून परतला. बरोबरच्या माणसांची यादी प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसियाचे तुखिक आणि त्रफिम. करिंथचं नाव त्यात नाही, म्हणून काही जण म्हणतात की करिंथने शेवटी दिलंच नसेल. यरुशलेममध्ये वर्गणी कशी स्वीकारली गेली तेही प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक सांगत नाही. पुढे रोमन सुभेदार फेलिक्सपुढे उभा असताना पौल एका वाक्यात म्हणतो, मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो.

मला मात्र रोमकरांस पत्राचा पंधरावा अध्याय पुरेसा वाटतो. मासेदोनिया आणि अखया यांना यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी करणं बरं वाटलं, असं तिथे लिहिलं आहे. आणि सोळाव्या अध्यायावरून, किंख्रियाच्या फिबीची शिफारस आणि नगराचा खजिनदार एरास्त यांवरून, ते पत्र करिंथमध्येच लिहिलं गेलं हे कळतं. पौल करिंथच्या गायसाच्या घरी पाहुणा आहे, तो सांगतो आहे आणि तर्तिय लिहून घेतो आहे. ‘अखया’ हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा ज्यांनी वर्षभर पैसे अडवून ठेवले होते ते त्याच गावात, कदाचित त्याच खोलीत, बसलेले होते.